इनडोअर थीम पार्कच्या प्रपोजलमध्ये आधी मंगळवार शोधा

थीम पार्कसारख्या अट्रॅक्शन्सच्या फीझिबिलिटीत (म्हणजे प्रकल्प चालेल का याच्या हिशोबात), डिझाइनमध्ये किंवा प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय. थ्रूपुट (राइडवर तासाला किती माणसं बसतात), पर कॅप (येणाऱ्या माणसाचा माणशी खर्च), कॅपेक्स (उभारणीचा खर्च) हे शब्द माहीत आहेत असं धरून चालते, नसतील तर आठवडाभरात होतील, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. पण या लाइनमध्ये तुम्ही ज्या पार्कांवर राबाल त्यातले बरेचसे कधी उभेच राहत नाहीत, आणि छताखालच्या भव्य पार्कांचं तर विचारूच नका, हे जॉइन होताना कोणी सांगत नाही. मला पण नव्हतं सांगितलं. काचेचा घुमट, आत रोलर कोस्टर, कोस्टरखाली नदी, नदीकाठी हसरी फॅमिली असे रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं, बघून कुणीही भारावतं, भारावा, दोन दिवस माफ आहेत. तिसऱ्या दिवशी एक्सेल उघडा.

एक्सेल उघडल्यावर सगळ्यात आधी बघायचा तो सेल म्हणजे ऑपरेटिंग डेज, पार्क वर्षात किती दिवस उघडं. इनडोअर प्रपोजलचा सगळा डोलारा त्याच्यावर असतो. युक्तिवाद नेहमीचाच: उघड्यावरचं पार्क पाऊस, बर्फ, ऊन यामुळे वर्षात 200 दिवस चालतं, आमचं 365 दिवस चालणार, म्हणून आमची अटेंडन्स जवळपास दुप्पट. ऐकायला इतकं सरळ वाटतं की मान आपोआप डोलते. मला पहिल्यांदा जे मॉडेल सांभाळायला दिलं त्यात हेच होतं आणि बरेच दिवस माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही की यात काही गडबड असू शकते. तर हा मुद्दा जरा लांबण लावून सांगते, कंटाळा आला तरी वाचा, बाकीचं सोडलंत तरी चालेल.

पार्कला माणसं येतात ती त्यांच्या सुट्टीच्या हिशोबाने. छत घातलं म्हणून शाळेच्या दिवसांतला मंगळवार रविवार होत नाही. पावसामुळे एखाद्या शनिवारी न गेलेली फॅमिली बहुतेक वेळा पुढच्या शनिवारी जाते, म्हणजे छतामुळे तुम्हाला नवी भेट मिळतेच असं नाही, भेटीची तारीख बदलते एवढंच. वर्षाची अटेंडन्स ठरते ती आसपास किती लोक राहतात, किती टुरिस्ट येतात आणि त्यातले किती टक्के तुमच्याकडे वळतील यावरून. हॅरिसन प्राइस यांनी 1953 मध्ये डिझ्नीलँडसाठी अ‍ॅनाहाइमची जागा सुचवली आणि 1958 मध्ये इकॉनॉमिक्स रिसर्च असोसिएट्स सुरू केली, आपली ही फीझिबिलिटीची लाइन साधारण तिथून चालत आलीय, आणि त्यातसुद्धा लोकसंख्या आणि टक्केवारी हाच गाभा आहे. रोजच्या सरासरीला दिवसांनी गुणून वर्षाचा आकडा काढणं म्हणजे उलटा प्रवास.

आता आकडे घालून बघू, हे सगळे समजा म्हणून घेतलेत. डेकमध्ये, म्हणजे प्रपोजलच्या स्लाइड्समध्ये, लिहिलंय वर्षाला 20 लाख लोक. 365 ने भागलं की रोजचे साधारण 5,480, आणि बिल्डिंग, राइड्स, स्टाफ सगळं या सरासरीला धरून काढलेलं. पण गर्दीच्या महिन्यात वर्षातले 13 टक्के लोक येतात असं धरा, झाले 2 लाख 60 हजार. महिन्यात 4.43 आठवडे, म्हणजे आठवड्याला 58,700 च्या आसपास. त्यातले 22 टक्के शनिवारी, म्हणजे 12,900. आता कमी गर्दीचा महिना घ्या, 5 टक्के, म्हणजे 1 लाख, आठवड्याला 22,570, त्यातले मंगळवारी 8 टक्के, झाले 1,800. एकाच बिल्डिंगमध्ये शनिवारी 12,900 आणि मंगळवारी 1,800! सरासरीचे ते 5,480 लोक एकत्र कधी येतच नाहीत हो.

आणि इथेच छत दोन्ही बाजूंनी अडचणीत आणतं. मंगळवारी 1,800 माणसांसाठी तेवढ्याच घनफळाची हवा थंड किंवा गरम करायची, तेवढेच दिवे, तेवढेच राइड ऑपरेटर्स थोडेफार इकडेतिकडे. उघड्यावरचं पार्क सीझन संपला की सरळ कुलूप लावतं, तुम्ही तर 365 चा शब्द देऊन बसलेले. शनिवारी नेमकं उलटं. बाहेरच्या पार्कात जास्तीची गर्दी रस्त्यांवर, लॉनवर, फूड स्टॉलपाशी पसरते, इथे भिंत आहे. एका वेळी आत निम्मे लोक धरले तरी 6,450. माणशी तासाला दीड राइड द्यायची तर तासाला 9,680 सीट्स हव्यात. एका राइडचे प्रत्यक्षात तासाला सरासरी 500 धरा, 19-20 राइड्स लागतात. डेकमध्ये मोजा, बहुतेक 10-11 असतात. शिवाय 6,450 माणसं एका छताखाली म्हणजे आगीच्या वेळी बाहेर काढायचे मार्ग, धूर ओढायची सिस्टीम, हे सगळं त्या आकड्याला झेपलं पाहिजे, आणि ते आर्किटेक्टच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये सरासरीवर काढलेलं असतं.

हे 500 कुठून आले असं विचाराल, तर कुठल्याही चालू पार्कात कोस्टरच्या स्टेशनजवळ स्टॉपवॉच घेऊन उभे राहा. 20 सीटची ट्रेन, कागदावर दर 75 सेकंदांनी सुटणार, म्हणजे तासाला 48 फेऱ्या, 960 माणसं. प्रत्यक्षात काय होतं? एकाने बॅग लॉकरमध्ये ठेवलेली नाही, एक पोरगं ऐनवेळी रडून उतरतं, ऑपरेटर मांडीवरचा प्रत्येक लॅप बार हाताने ओढून बघतो (बघायलाच हवा), मागची एक रांग तिघांच्या ग्रुपमुळे रिकामी. दोन मिनिटांनी ट्रेन सुटते, 18 माणसं घेऊन. तासाला 540. ब्रोशरमधला 960 चा आकडा खोटा नाही, पण तो कपॅसिटीचा कमाल आकडा आहे, त्याच्यावर रांगा उभ्या करू नका.

घाबरवतेय असं वाटत असेल तर थांबा. इनडोअर पार्क चालतात, चांगले चालतात. सोलमधलं लोट्टे वर्ल्ड 1989 पासून चालू आहे, पण ते दाट शहरात, सबवेच्या डोक्यावर, सोबत हॉटेल आणि डिपार्टमेंट स्टोअर, वर मॅजिक आयलंड नावाचा उघडा भाग वेगळा. मिनेसोटातला मॉल ऑफ अमेरिका 1992 चा, आतलं पार्क मॉलच्या मधोमध, आत शिरायला तिकीट नाही, राइडचे पैसे द्या. म्हणजे मंगळवारचा भार मॉलच्या दुकानांवर. अबू धाबीचं फेरारी वर्ल्ड 2010 मध्ये उघडलं, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला कोस्टर, ताशी 240 किलोमीटरचा फॉर्म्युला रोसा, स्टेशन सोडलं की थेट बाहेर पळतो. इनडोअर पार्कला आपला हिरो छताबाहेर न्यावा लागला, यातच छताच्या उंचीचा आणि खर्चाचा सगळा धडा आला. मध्ये खांब नसलेलं मोठं छत आणि कोस्टरची उंची दोन्ही एकदम मागितलं की स्ट्रक्चरल इंजिनिअरचा चेहरा बघा एकदा.

न चाललेल्यांचा अभ्यास जास्त करा, मला त्यातूनच शिकायला मिळालं. शिकागोजवळचं ओल्ड शिकागो, 1975, मोठा मॉल आणि आत अख्खं अम्यूझमेंट पार्क, कारण तेच, तिथली थंडी. अँकर स्टोअर्स, म्हणजे मॉलला गर्दी आणणारी मोठी दुकानं, मिळाली नाहीत, 1980 मध्ये राइड्स बंद, 1986 मध्ये इमारत पाडली. अटलांटात 1976 च्या मे महिन्यात मुलांचे टीव्ही शो करणाऱ्या सिड आणि मार्टी क्रॉफ्ट यांचं इनडोअर पार्क उघडलं, लांबलचक एस्कलेटरने वर नेऊन मजल्यामजल्याने खाली आणायचं अशी कल्पना, नोव्हेंबरात बंद. ती इमारत पुढे सीएनएन सेंटर झाली, एस्कलेटर तिथेच राहिला. चीनमधल्या वुहानमध्ये वांडा या बड्या चिनी कंपनीचं इनडोअर सिनेमा पार्क 2014 च्या डिसेंबरात सुरू झालं आणि 2016 मध्ये अपग्रेडच्या नावाखाली बंद झालं. पैसा कमी होता असं म्हणायची सोय नाही तिथे. एकदा बघून झालं की परत का यायचं, हा प्रश्न बहुतेक डेकमध्ये शेवटच्या स्लाइडवरसुद्धा नसतो.

आणि उशीर. न्यू जर्सीचं अमेरिकन ड्रीम हे मॉल-पार्क बघा, 2003 मध्ये झॅनाडू नावाने पुढे आलं, 2009 मध्ये काम ठप्प, 2011 मध्ये ट्रिपल फाइव्ह ही मॉलवाली कंपनी पुढे आली, आतलं निकलोडियन पार्क उघडलं 2019 च्या ऑक्टोबरात, आणि काही महिन्यांत कोविड. त्याच्या कर्जापायी ट्रिपल फाइव्हने मॉल ऑफ अमेरिका आणि वेस्ट एडमंटन मॉल या दोन्ही चालत्या मॉलमधला 49 टक्के हिस्सा तारण ठेवला होता, तो 2021 मध्ये हातचा गेला. कोविड कुणाला माहीत होतं म्हणा, ते मान्य. पण 16 वर्षं लागलेल्या प्रकल्पाला मध्ये काहीतरी आडवं येणारच ना. त्याच कंपनीच्या मायामीतल्या तसल्याच मॉल-पार्कला काउंटीने 2018 मध्ये मंजुरी दिली, पार्क काही उभं राहिलेलं नाही. मंजुरीची बातमी आणि बांधकाम यात फरक करायला शिका, पेपरवाले करत नाहीत.

आता मेंटॉर. माझं स्पष्ट मत, डिझाइनवाल्या स्टार माणसामागे लागू नका, ऑपरेशन्समधला जुना माणूस पकडा. ज्याने पाच-दहा वर्षं शिफ्ट लावल्यात, ज्याला मंगळवारी किती कॅशियर लागतात ते तोंडपाठ आहे, तो तुमचं मॉडेल दोन मिनिटांत फाडतो आणि का फाडलं तेही सांगतो. क्लायंटला हवा तो आकडा दे म्हणणारा बॉस सगळीकडे असतो, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. मी वेगळं करते. बेस केस, म्हणजे मुख्य अंदाज, त्याच्या मनासारखी ठेवायची, शेजारी डाउनसाइड केस, म्हणजे वाईट झालं तरचा अंदाज, आणि खाली एक टेबल: ऑपरेटिंग डेज तेवढेच ठेवून मार्केटमधली टक्केवारी थोडी कमी केली तर बँकेचा हप्ता निघतो का. तेवढं पान रिपोर्टमध्ये ठेवायचंच असा हट्ट धरा. बँकवाले ते वाचतात. त्यांना रेंडर नको असतात. आणि तुमच्यावर नकारात्मक माणूस असा शिक्काही बसत नाही, कारण तुम्ही फक्त टेबल दिलेलं असतं.

शॉर्टकटबद्दल एकच, जगातल्या टॉप पार्कांच्या अटेंडन्सची यादी उचलून कम्पॅरेबल (तुलनेचे पार्क) म्हणून चिकटवू नका, सगळे नवखे करतात. त्या यादीत जिंकलेलेच असतात. ओल्ड शिकागो त्यात कुठून येणार? आणि ते सर्टिफिकेट कोर्सेस, जाऊ दे, त्यावर लिहीत नाही.

प्रपोजल खरं किती आहे हे ओळखायला मी बघते ते असं: जमीन कुणाच्या नावावर आहे, कॅरेक्टरचं लायसन्स सही झालंय की बोलणी चालू आहेत, ऑपरेटर कोण, आणि राइड मेकरकडे डिपॉझिट गेलंय का. यातलं शेवटचं सगळ्यात बोलकं, मोठ्या कोस्टरला ऑर्डरपासून उभं राहायला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात, त्यामुळे 'पुढच्या वर्षी उद्घाटन' म्हणताहेत आणि डिपॉझिट नाही, म्हणजे पुढच्या वर्षी उद्घाटन नाही. दुबईत युनिव्हर्सलच्या पार्कची घोषणा 2007 ची, ते उघड्यावरचं होतं पण गोष्ट तीच, मोठी कमान उभी राहिली आणि तिच्यामागे पार्क कधी आलंच नाही.

मग नोकरी करायची की नाही? करा. न उभ्या राहणाऱ्या पार्कवरसुद्धा काम शिकायला मिळतं, खरंच मिळतं, लोड काढणं, रांगा काढणं, एक्झिट काढणं हे बांधलं न बांधलं तरी तेवढंच अवघड असतं. फक्त एकाच पार्कसाठी काढलेल्या प्रोजेक्ट कंपनीत सगळं सोडून उडी मारू नका. मारायचीच असेल तर नोटीस पीरियडचे पैसे लेखी घ्या, शेअर देतो म्हणाले तर हसून पगार वाढवून मागा. फ्रीलान्स असाल तर बिलं टप्प्याटप्प्याने, पुढचा टप्पा मागचं पेमेंट आल्यावर, ओळखीचा माणूस असला तरी, ओळखीचा असला तर जास्तच. पोर्टफोलिओचं टेन्शन घेऊ नका, गुप्ततेच्या करारामुळे नाव टाकता येत नाही अशी कामं या लाइनमध्ये प्रत्येकाकडे असतात, सीव्हीत 'गोपनीय, इनडोअर पार्क, फीझिबिलिटी आणि कपॅसिटी' एवढं लिहा, मुलाखत घेणाऱ्याच्या सीव्हीतही तसल्या चार ओळी असतात.