‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर: मायएसक्यूएलमधल्या परवानग्या कशा तपासाव्यात

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असताना अडत दुकानातलं बिलिंग अडलं, की शेतकरी पट्टीसाठी (विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी) ताटकळतो आणि बिलिंगचा डेटाबेस सांभाळणाऱ्या मायएसक्यूएल या प्रोग्रामकडून स्क्रीनवर नुसतंच ‘ॲक्सेस डिनाइड’ (प्रवेश नाकारला) दिसत राहतं. अशा घाईत बरेच जण त्या युजरला सरसकट सगळ्या परवानग्या देऊन टाकतात. कृपा करून तसं करू नका. बिलिंग सुरू होईल, पण पट्ट्या छापायच्या कॉम्प्युटरवरून अख्खा डेटाबेस उडवता येईल. नेमकं काय अडलंय ते शोधायला फार वेळ लागत नाही.

(खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करा.)

आधी एररचा नंबर बघा. 1045 म्हणजे सर्व्हरला ओळखच पटली नाही. 1044 म्हणजे ओळख पटली, पण त्या डेटाबेसमध्ये शिरायची मुभा नाही. 1142 असेल तर कुठल्या टेबलवर कुठली आज्ञा नाकारली, हे एररमध्येच लिहिलेलं असतं. 2003 आला तर परवानग्यांना हातही लावू नका. सर्व्हर चालू आहे का, फायरवॉलने 3306 पोर्ट अडवलाय का, ते बघा.

1045 च्या शेवटी ‘युझिंग पासवर्ड’ असं येतं. पुढे ‘नो’ असेल तर पासवर्ड पाठवलाच गेला नाही, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये तो रकाना रिकामा आहे. ‘येस’ असेल तर पासवर्ड चुकला असेल, किंवा खरी भानगड पुढच्या पायरीत आहे.

युजर कुठून येतोय ते तपासा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. मायएसक्यूएलमध्ये खातं नुसत्या नावाचं नसतं, ते नाव आणि ठिकाण मिळून बनतं. ‘दिवाणजी@लोकलहोस्ट’ आणि ‘दिवाणजी@192.168.1.15’ ही दोन वेगळी खाती आहेत. त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात आणि परवानग्याही.

समजा, सर्व्हर दुकानात आहे आणि दुसरा कॉम्प्युटर गोदामात. गोदामातल्या कॉम्प्युटरचा पत्ता 192.168.1.15 होता, खातंही त्याच पत्त्यावर काढलेलं. लाइट गेली-आली, राउटर पुन्हा चालू झाला आणि त्याने 192.168.1.22 देऊन टाकला. पासवर्ड तोच, माणूस तोच, तरी दार बंद. नव्या पत्त्यावरून कुठल्याच खात्याला मुभा नसेल तर 1130 येतो. दुसऱ्या एखाद्या खात्याला असेल तर 1045. रूटने (सगळ्या परवानग्या असलेल्या मुख्य खात्याने) लॉगिन करून ही आज्ञा द्या:

सिलेक्ट युजर, होस्ट फ्रॉम मायएसक्यूएल.युजर;

यादीतला होस्ट (म्हणजे खात्याचं ठिकाण) आणि एररमधला पत्ता शेजारी ठेवून वाचा. उत्तम उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा बांधून देणं. ते जमत नसेल तर ‘रीनेम युजर’ वापरून होस्ट ‘192.168.1.%’ करा, म्हणजे 192.168.1 ने सुरू होणारा कुठलाही पत्ता चालेल. जुन्या परवानग्या तशाच राहतात. होस्टच्या जागी नुसतं ‘%’ टाकलं तर कुठूनही येण्याची मुभा मिळते. ते टाळाच.

लॉगिन होतंय, पण परवानग्या भलत्याच दिसताहेत? मग ‘सिलेक्ट युजर(), करंट_युजर();’ चालवा. पहिला रकाना तुम्ही कोण म्हणून आलात ते सांगतो, दुसरा सर्व्हरने कुठलं खातं धरलं ते. दुसऱ्यात नाव कोरं असेल तर जुनं निनावी खातं मध्ये येतंय. ते काढून टाका.

आता परवानग्या वाचा. ‘शो ग्रँट्स फॉर’ लिहून पुढे पूर्ण खातं द्या, होस्टसकट. प्रोग्राम अपडेट झाल्यावर 1142 आला तर बहुतेक वेळा नवं टेबल आलेलं असतं आणि परवानग्या मात्र जुन्या टेबलांपुरत्याच दिलेल्या असतात. हवं तेवढंच द्या (इथे ‘अडत’ हा डेटाबेस आणि ‘तोलाई’ हे नवं टेबल):

ग्रँट सिलेक्ट, इन्सर्ट ऑन अडत.तोलाई टू 'दिवाणजी'@'192.168.1.%';

8.0 आवृत्तीत इथे 1410 आला तर नाव किंवा होस्ट चुकलाय. त्या आवृत्तीत ‘ग्रँट’ नवं खातं काढत नाही. परवानगी रोलमधून (नाव दिलेल्या परवानग्यांच्या गठ्ठ्यातून) दिली असेल तर ‘सेट डिफॉल्ट रोल’ करायचं विसरू नका, नाहीतर रोल यादीत दिसतो पण लागू होत नाही.

‘ग्रँट’नंतर ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ची (परवानग्या पुन्हा वाचायला लावणाऱ्या आज्ञेची) गरज नसते. टेबलची परवानगी पुढच्याच आज्ञेला लागू होते; सगळ्या सर्व्हरसाठीची असेल तर नवं कनेक्शन लागतं, म्हणून प्रोग्राम बंद करून उघडा.

तपासणी गोदामातल्याच कॉम्प्युटरवरून, दिवाणजीच्याच खात्याने, एक पट्टी छापून करा. सर्व्हरवर बसून रूटने केली तर सगळं चालताना दिसेल आणि गोदामातली अडचण तशीच राहील.