पेंटबॉल संघाचा सराव: गोळ्या कमी, काम जास्त

बऱ्याच संघांचा सरावाचा दिवस ठरलेला असतो. हवेच्या टाक्या भरायच्या, दोन बाजू पाडायच्या आणि पेंट (रंगाच्या गोळ्या) संपेपर्यंत खेळत राहायचं. मजा येते, पण खेळ सुधारत नाही. अशा खेळात जो तो जमतं तेवढंच करतो आणि जे जमत नाही ते टाळतो.

१. विषय आदल्या दिवशीच ठरवा. मागच्या सामन्यांत आपला पहिला गडी कुठे आणि कशामुळे बाद झाला, हे आठवून लिहून काढा. त्यातलं जे सगळ्यात जास्त वेळा घडलं, तो उद्याचा विषय. एकच. मैदानावर पोचून विषय शोधत बसलात तर अर्धी सकाळ गेलीच म्हणून समजा.

२. मार्कर, म्हणजे पेंटबॉलची बंदूक, तपासा. गोळीचा वेग क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) मोजा. सेकंदाला ३०० फूट ही बहुतेक ठिकाणची कमाल मर्यादा, पण आपल्या मैदानाची असेल ती पाळा. मैदानात मास्क कधीच काढायचा नाही, आणि बाहेर येताना बॅरल कव्हर (नळीच्या तोंडावरचं आवरण) चढवायचं. सराव आहे म्हणून यात सूट नाही.

३. आधी एकास एक. समोरासमोरच्या दोन बंकरांमागे (आडोशांमागे) दोघं उभे करा. डोकावायचं, एक-दोन गोळ्या मारायच्या, समोरच्याने नेम धरायच्या आत परत आत. दर वेळी त्याच उंचीवर डोकावलात तर तो वाटच पाहत असतो. बंकरच्या डाव्या कडेने मारताना मार्कर डाव्या हातात घ्या, म्हणजे अंग कमी उघडं पडतं. सुरुवातीला हे अवघडच वाटतं, त्यामुळे आधी गोळ्या न भरता नुसत्या हालचाली घोटवा.

४. सर्वाधिक वेळ ब्रेकआउटला, म्हणजे डाव सुरू होताच आपापला बंकर गाठायच्या धावेला. बझरनंतरच्या पहिल्या काही सेकंदांत एक गडी गेला की पुढचा सगळा डाव चार विरुद्ध पाच असा ओढत न्यावा लागतो. म्हणून माझ्या मते निम्मा सराव इथेच खर्ची घालावा. कोण स्नेककडे (एका कडेच्या लांब, बुटक्या बंकरांकडे) धावेल, कोण डोरिटोकडे (दुसऱ्या कडेच्या त्रिकोणी बंकरांकडे) आणि मागे राहून लेन कोण धरेल, म्हणजे समोरच्यांची वाट गोळ्यांनी कोण अडवेल, हे नावानिशी सांगा. लेन धरताना धावणाऱ्यावर नेम धरू नका. सेकंदाला ९० मीटर वेगाने सुटलेल्या गोळीलाही ३० मीटर जायला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ लागतो, कारण हवा तिला अडवते. तेवढ्यात तो दोनेक मीटर पुढे गेलेला असतो. त्याच्या वाटेवरची एक फट निवडा आणि तो यायच्या आधीपासून त्या फटीतून गोळ्यांची धार चालू ठेवा.

दहा सेकंद झाले की शिट्टी, सगळे परत जागेवर. पूर्ण डाव खेळायचा मोह इथे आवरा. पेंट वाचतं, आणि एका तासात कितीतरी वेळा तीच सुरुवात घोटवता येते. बाजूही बदला. स्नेकवाल्याने मागून लेन धरून पाहिली की आपण कुठे उघडे पडतो ते त्याला आपसूक कळतं.

५. तोंड उघडा. प्रत्येक बंकरला छोटं नाव हवं आणि ते सगळ्यांचं एकच हवं. मागच्याने ओरडून सांगितलं की मधल्याने तेच पुन्हा ओरडायचं, नाहीतर पुढच्यापर्यंत काही पोचत नाही. डाव चालू असताना अचानक थांबवा आणि एकेकाला विचारा, समोर किती उरलेत, कुठे आहेत? उत्तरं जुळली नाहीत तर तुमचा खरा दुबळेपणा सापडला.

६. अर्धे डाव खेळा. तीन विरुद्ध दोन, दोन विरुद्ध एक, तेही घड्याळ लावून. संख्येने जास्त असूनही हरणारे संघ पुष्कळ. एक जण समोरच्याला आत दाबून धरतो आणि दुसरा कडेने पुढे सरकतो, ही जोडी इथेच बसते.

७. पूर्ण सामने शेवटी. तेही मोजकेच. मैदानाच्या टोकाला उंचावर फोन लावून चित्रण करा. डाव संपल्यावर बाद झालेल्याला आधी बोलू द्या: काय दिसलं, काय ऐकू आलं, का निघालो. कप्तानाने मध्येच तोंड घातलं की बाकीचे गप्प बसतात आणि पुढच्या वेळेपासून खरं कोणी सांगत नाही.