स्प्रिंगची रायफल आवळू नका, हलकेच पेलून धरा

माझ्याकडे शिकायला येणारे बहुतेक जण स्प्रिंगची एअर रायफल हातात आली की ती गच्च आवळतात. सगळ्यांत जास्त वैतागतात ते पीसीपी रायफल (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) चालवून आलेले. तिथे चाललेली पकड इथे छर्रे भलतीकडे पाठवते.

असं का होतं? ट्रिगर सुटला की ताणात असलेली स्प्रिंग जड पिस्टनला पुढे ढकलते आणि रायफल मागे सरकते. पिस्टन नळकांड्याच्या टोकाशी दाबलेल्या हवेवर येऊन अडतो, तशी रायफल पुढे उसळते. छर्रा मात्र नळीतच असतो, आणि नळीचं तोंड तेव्हा हलत असतं. हे हलणं ताकदीने थांबत नाही. दर वेळी ते सारखंच व्हावं, एवढंच आपल्या हातात आहे, आणि आवळलेली मूठ दोनदा सारखी आवळली जात नाही.

पुढचा हात सर्वांत महत्त्वाचा. तळहात उघडा ठेवा, रायफल त्यावर नुसती टेकू द्या, बोटं लाकडाभोवती वळवू नका. सुरुवात ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, लगेच पुढून करा. १० मीटरवर ५ छर्रे मारा, मग हात दोन-तीन सेंटीमीटर पुढे सरकवून नव्या कागदावर आणखी ५. असं पुढे पुढे जा. छर्रे मध्यावर लागले की नाही हे आत्ता बघू नका, किती जवळजवळ लागले ते बघा. नेम धरायची साइट नंतर फिरवता येते. जिथे ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सर्वांत लहान येईल तिथे दस्त्याला चिकटपट्टीचा तुकडा लावा. माझ्या ब्रेक-बॅरलला (नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणायच्या रायफलला) हात बराच मागे लागतो, पण तुमचीलाही तेच आवडेल असं नाही.

वाळूच्या पिशवीवर रायफल थेट ठेवू नका. पिशवीवर हात, हातावर रायफल.

मागच्या हाताचा अंगठा दस्त्यावरून पलीकडे न गुंडाळता अलीकडेच राहू द्या. ट्रिगरवर बोटाचं टोकाकडचं पेर, आणि ओढ सरळ मागे. बट, म्हणजे दस्त्याचं मागचं टोक, खांद्याला लागलेला असावा, खेचून रुतवलेला नाही. गाल टेकवा, पण दर वेळी एकाच जागी.

नेम धरल्यावर डोळे मिटा, एक श्वास सोडा, उघडा. नेम बाजूला सरकलेला दिसला तर मनगटाने ओढून जागेवर आणू नका. कोपर हलवा, कंबर वळवा, पिशवी सरकवा. ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटताच आपल्या मूळ जागी परततो, आणि छर्रा त्याच्याबरोबर. ट्रिगर ओढल्यावर बोट मागेच ठेवा आणि कागदात भोक पडेपर्यंत साइटमधून नजर काढू नका.

हलकी पकड हा काही धर्म नाही. वजनदार, कमी ताकदीच्या रायफली थोडी घट्ट पकडही खपवून घेतात. एवढं करूनही ग्रुप पसरत असेल तर आधी दस्त्याचे स्क्रू तपासा, धक्क्याने ते सैल होतात. मग दुसऱ्या जातीचे छर्रे वापरून बघा.

पकडीचा सराव म्हणून छर्रा न घालता फायर मात्र करू नका. हवेला अडवायला नळीत काही नसतं, पिस्टन धाडकन टोकावर आदळतो आणि सील व स्प्रिंगचं नुकसान होतं.