कॉमन अ‍ॅपमध्ये अजून न दिलेल्या परीक्षा कशा नोंदवाव्यात?

अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकाच ऑनलाइन फॉर्मवरून अर्ज करायची सोय म्हणजे कॉमन अ‍ॅप. त्याचा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो. तेव्हा बारावीतल्या बहुतेकांची एखादी तरी परीक्षा बाकीच असते. कुणाची ऑक्टोबरची एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा), कुणाची टोफेल (इंग्रजीची परीक्षा), आणि बोर्डाची तर सगळ्यांचीच. अर्जात या पुढच्या परीक्षांनाही जागा असते.

आधी ‘टेस्टिंग’ विभाग उघडा. गुण किंवा पुढच्या परीक्षांच्या तारखा स्वतः कळवायच्या आहेत का, असं तिथं विचारलेलं असतं. ‘येस’ निवडलं की परीक्षांची यादी येते. दिलेल्या आणि द्यायच्या, दोन्ही परीक्षांवर इथंच खूण करायची. ‘नो’ म्हटलंत तर पुढचे रकाने दिसतच नाहीत.

एसएटी निवडल्यावर दोन वेगळे आकडे भरायचे असतात: आजवरचे किती निकाल कळवणार आणि पुढे किती वेळा बसणार. एकदाही परीक्षा दिली नसेल तर पहिल्या जागी शून्य आणि दुसऱ्या जागी एक टाका. मग तारीख विचारली जाते. नोंदणी झालेलीच तारीख लिहा. ‘बघू, जमलं तर डिसेंबरमध्ये देऊ’ असली तारीख अर्जात घालू नये, कारण कॉलेज त्या निकालाची वाट पाहू शकतं. सराव परीक्षेतले १४५० गुण तर कुठंच लिहायचे नाहीत. एपीचं (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या विषयवार परीक्षांचं) सोपं आहे: विषय आणि मे महिन्याची तारीख भरा, गुणांचा रकाना मोकळा सोडा.

त्याच विभागात परदेशी विद्यार्थ्यांसाठी शालान्त परीक्षांचा प्रश्न असतो. राज्य मंडळ असो वा सीबीएसई, उत्तर ‘येस’. दहावीचे गुण हातात असतात; बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ती पुढची परीक्षा. बारावीचे अपेक्षित गुण शाळा किंवा ज्युनियर कॉलेजकडून जातात, त्यामुळे तिथल्या शिक्षकांशी दिवाळीच्या सुट्टीआधीच बोलून घ्या. सुट्टीत तिथं कुणी भेटत नाही आणि बऱ्याच कॉलेजांची अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीची, मुदत १ नोव्हेंबरला संपते.

आता खरी मेख. टेस्टिंग विभाग एकच असतो आणि जिथं जिथं अर्ज कराल तिथं तो जसाच्या तसा जातो. समजा, पाच कॉलेजांपैकी दोन टेस्ट-ऑप्शनल आहेत, म्हणजे गुण देणं ऐच्छिक आहे, आणि तिथं एसएटी दाखवायची नाही. मग त्या दोघांचा अर्ज पाठवण्याआधी या विभागातून एसएटी काढा, अर्ज पाठवा आणि उरलेल्यांसाठी पुन्हा भरा. कटकट आहे खरी, पण चालतं. उलट एमआयटीसारख्या ठिकाणी गुण लागतातच. तिथं तुमच्या फेरीसाठी कुठल्या महिन्यापर्यंतची परीक्षा चालते, हे कॉलेजच्या संकेतस्थळावर बघूनच तारीख ठरवा. एसएटीचा निकाल यायला साधारण दोन आठवडे लागतात.

अर्ज पाठवल्यानंतर फॉर्ममध्ये काहीही बदललं तरी ज्या कॉलेजला तो आधीच गेला आहे तिथं बदल पोचत नाही. निकाल आला की कॉलेजच्या अर्जदार पोर्टलवर जाऊन नियम बघा: काही ठिकाणी गुण स्वतः भरलेले चालतात, काही ठिकाणी ‘कॉलेज बोर्ड’ या एसएटी घेणाऱ्या संस्थेकडूनच पाठवावे लागतात. कळवलेली परीक्षा देणार नसाल तर प्रवेश कार्यालयाला दोन ओळींची ईमेल टाका: अमुक तारखेची एसएटी देत नाही, आहे त्या माहितीवर अर्ज विचारात घ्यावा. कारणं लिहीत बसू नका.