कूलरसमोरचा तबला आणि तेल पाजलेली पेटी: या चुका टाळा

नागपुरात वाद्य दुरुस्त करणाऱ्यांचा हंगाम ठरलेला असतो. एप्रिल-मेमध्ये तबल्यांच्या फाटलेल्या पुड्या (तोंडावरची कातडी), चिरलेल्या बासऱ्या, तंबोऱ्याच्या घसरणाऱ्या खुंट्या. जुलै-ऑगस्टमध्ये पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, अडकलेल्या पट्ट्या आणि काही केल्या न चढणारे तबले. दरवर्षी तेच आजार, आणि दरवर्षी लोकांचं एकच म्हणणं, "मालच खराब निघाला जी." माल बहुतेक वेळा चांगला असतो.

नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांतल्या, दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, आणि भर पावसाळ्यात ८० च्या वर राहते. लाकूड आणि कातडं हवेतलं पाणी घेतात आणि सोडतात. फुगतात आणि आकसतात. हा बदल महिन्या-दोन महिन्यांत सावकाश झाला तर वाद्य तो सोसतं. तासाभरात झाला तर कुठेतरी फाटतं किंवा उकलतं. आणि आपण तर भर मे महिन्यात खोलीत कूलर लावून चार तास ऑगस्ट तयार करतो, मग कूलर बंद करून परत मे आणतो.

कूलरच्या झोतात तबला लावणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

कूलर नुसती गार हवा फेकत नाही, ओली हवा फेकतो. वाळ्याच्या ताटीतून आलेला तो झोत थेट तबल्यावर पडला की अर्ध्या तासात पुडी ओल धरते, सैल पडते आणि सूर उतरतो. मग वाजवणारा हातोडी घेतो. गजऱ्यावर (पुडीच्या कडेची कातडी वेणी) ठोकून भागत नाही, म्हणून गट्टे (वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे) खाली सारतो. आठही गट्टे बोटभर खाली गेले की तबला काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) येतो आणि सगळे खूश होतात. पण त्या वेळी पुडी ओली आहे आणि ओल्या कातड्यावर कोरड्या कातड्याएवढा ताण चढवून ठेवला आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या एका घरगुती बैठकीत याचा पुढचा अंक झाला. दुपारी चारला कूलरसमोर तबला काळी एकला लावला, तासभर वाजला, मग लाइट गेली. कूलर बंद, खिडक्या उघडल्या, बाहेरची ४४ अंशांची कोरडी हवा आत आली. तबला जागेवर तसाच. पाऊण तासात पुडी सुकत गेली, आकसत गेली, ताण वाढत गेला. चहा चालू असताना, कोणी हातही लावला नसताना, फट्कन आवाज आला. चाट, म्हणजे पुडीची कडेची पट्टी, गजऱ्याच्या कडेने चार घरं (गजऱ्याच्या सोळा भागांतले चार) फाटली होती. शेजारी ठेवलेल्या डग्ग्याला काही झालं नाही, कारण त्याच्यावर तेवढा ताणच नव्हता. सगळ्यांनी पुडीवाल्याला नावं ठेवली. पुडी नवी होती, शाई (मधला काळा गोल) उत्तम होती, गजऱ्याची वीणसुद्धा घट्ट होती.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. तबला कूलरच्या रेषेत ठेवू नका. भिंतीच्या आडोशाला, झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. बसण्याआधी अर्धा-पाऊण तास तो त्याच खोलीत उघडा राहू द्या, मग लावा. आणि वाजवून झालं, की कूलर लावून गट्टे जेवढे खाली सारले असतील तेवढे परत वर घ्या. ही शेवटची गोष्ट दहा जणांत एखादाच करतो. एसी सभागृहात कार्यक्रम असेल तरी नियम हाच. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहातून रात्री बाहेर पडताना तबला काळी एकला ताणलेलाच पिशवीत कोंबून गाडीत टाकायचा नाही.

याची उलटी चूक पावसाळ्यात होते. गणपतीत तबला चढत नाही म्हणून लोक तो उन्हात ठेवतात, हॅलोजनखाली धरतात, कोणी हेअर ड्रायर फिरवतो. वरचं कातडं सुकतं, पण शाईखालचा भाग ओलाच राहतो. दोन्हीकडे ताण वेगळा, म्हणून सूर फुटतो, आणि शाईचे कण सुटायला लागतात. शाई म्हणजे लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचे एकावर एक चढवलेले थर. घोटून त्यात मुद्दाम बारीक भेगा पाडलेल्या असतात, त्या भेगांमुळेच ती पुडीबरोबर हलते. तिला पाणी लागलं की खळ मऊ पडते. म्हणून शाई ओल्या फडक्याने पुसायची नाही, कधीच नाही. पावसाळ्यात साठ वॅटचा साधा पिवळा बल्ब दोन-तीन फुटांवर, तासभर, एवढं पुरतं.

लावण्यातले बारीकसारीक गुन्हे

हातोडी गजऱ्यावर बसली पाहिजे. मैदानावर (चाट आणि शाई यांच्यामधला भाग) किंवा शाईवर बसली तर पुडीचं आयुष्य तिथेच संपतं. गजऱ्यावर वरून खाली मारलं की सूर चढतो, खालून वर मारलं की उतरतो. एक घर चढवलं की शेजारचं नाही, समोरचं घर घ्यायचं. सोळा घरं गोल गोल क्रमाने ठोकत जाणारा माणूस तासभर ठोकत बसतो आणि शेवटी तबला एका बाजूला कललेलाच राहतो.

तोंडाचा आकार पाहून सूर मागा. साधारण सव्वापाच ते साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एकला बसतो. सहा इंची तबला काळी एकला चढवायला निघालात तर तो फाटणारच, त्यात हवामानाचा काही दोष नाही. गायक बदलला की तबला बदलावा लागतो, ही गोष्ट नव्या विद्यार्थ्यांना पटत नाही, कारण दुसऱ्या तबल्याला पैसे लागतात.

टाल्कम पावडर हाताला लावा, पुडीला नाही. घाम आणि पावडर मिळून जो चिखल होतो तो मैदानात मुरतो आणि तबला बहिरा होतो.

पेटीत तेल

दुसरी आवडती चूक. एखादी पट्टी वाजेनाशी झाली, की घरातलं कोणीतरी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन येतं. खोबरेल घालणारेही आहेत. पेटीत तेल घालण्यासारखी एकही जागा नाही.

आत काय आहे ते समजून घेतलं तर हे आपोआप पटेल. ४२ पट्ट्यांची, दोन लाइनची (प्रत्येक पट्टीला दोन सूर असलेली) पेटी म्हणजे ८४ सूर. प्रत्येक सूर म्हणजे पितळी चौकटीवर एका टोकाला पक्की केलेली पितळेची पातळ जीभ. पट्टी दाबली की लाकडी झडप उघडते, तिच्याखाली कातडं लावलेलं असतं, आणि भात्याची हवा जिभेला हलवत त्या फटीतून बाहेर जाते. जीभ आणि चौकट यांच्यातली फट केसाएवढी. तिथे तेलाचा थेंब गेला की एक तर जिभेचं वजन वाढून सूर उतरतो, आणि दुसरं म्हणजे नागपूरची उन्हाळी धूळ त्या तेलावर चिकटून दोन आठवड्यांत फट बुजवते. झडपेच्या कातड्याला तेल लागलं तर ते फुगतं, घट्ट बसत नाही, आणि पट्टी न दाबताही सूर कण्हत राहतो. अशी पेटी दुरुस्तीला आली की एका सुरासाठी अख्खी फळी सोडवून ८४ सूर पुसावे लागतात.

आधी आजार ओळखा. पट्टी दाबल्यावर आवाजच नाही, तर जिभेत कचरा. पट्टी न दाबता सूर वाजतोय, तर झडप बसत नाही. म्हणजे पट्टी शेजारच्या पट्टीला घासते आहे, स्प्रिंग सुटली आहे किंवा कातड्याखाली काहीतरी अडकलं आहे. सगळेच सूर दमल्यासारखे वाजताहेत आणि भाता सारखा मारावा लागतोय, तर हवा गळते आहे. ती कुठून, हेही घरी कळतं. स्टॉप (सुरांकडे जाणारी हवा उघड-बंद करणाऱ्या समोरच्या खुंट्या) बंद ठेवून भाता भरा आणि थांबा. आतला भाता लगेच बसला तर गळती भात्यात. तो टिकला, पण स्टॉप उघडल्यावर, एकही पट्टी न दाबता, बसायला लागला तर गळती झडपांमधून.

कचरा काढायची रीत अशी. वरचं झाकण आणि पट्ट्यांवरची आडवी पट्टी काढा, सुरांची फळी सोडवून उलटी करा. मुका सूर शोधा. जीभ टाचणीने टोकापाशी अगदी हलकेच, जेमतेम एक मिलिमीटर उचला आणि पातळ कागदाची पट्टी जीभ नि चौकटीमधून एकदा ओढून घ्या. मऊ कोरड्या ब्रशने झटका. तोंडाने फुंकायचं नाही, फुंकरीत पाणी असतं आणि पितळ हिरवं पडतं. नीट बसलेल्या जिभेचं टोक चौकटीपासून किंचित वर उचललेलं दिसतं. जास्त वर असेल तर सूर उशिरा बोलतो, अगदी टेकलं असेल तर हळू भात्यावर बोलतच नाही. एवढ्याने काम झालं नाही तर तिथेच थांबा.

कारण यापुढे लोक कानस हातात घेतात. मोबाइलवरच्या ट्यूनरवर काटा जरा डावीकडे दिसला, की पेटी बेसूर ठरते. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे व्हिडिओत सांगतात आणि ते खरंही आहे. पण घासलेलं पितळ परत येत नाही. मे महिन्यात मांडवात पेटी तापली की सगळे सूर मिळून जरासे उतरतात. ते आपसात जुळत असतील तर पेटीला काहीही झालेलं नाही, गार झाली की जागेवर येते. उलट एकच सूर दोन-चार दिवसांत भराभर उतरत गेला, तर त्या जिभेला मुळाशी तडा गेलाय. तो घासून नीट होत नाही, बदलावाच लागतो. असे तडे बहुतेक वेळा भाता धसमुसळेपणाने मारणाऱ्यांच्या पेटीत सापडतात.

भात्याची घडी उकलली तर फेविकॉल लावू नका. फेविकॉल चांगलाच आहे, पाट-चौरंगासाठी. भात्याची घडी त्याने कडक होते आणि लगेच शेजारून फाटते. शिवाय पुढच्या कारीगराला ते सोडवता येत नाही. सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांच्या खळीने) चिकटवलेलं गरम वाफेने सुटतं, म्हणून जुने कारीगर अजून सरसच वापरतात.

पेटी भात्याला धरून उचलायची नाही, कडी लावून, स्टॉप बंद करून न्यायची, आणि वर चहाचा कप ठेवायचा नाही. एवढं सांगावं लागतं, हीच शोकांतिका.

तंबोरा, बासरी, खंजिरी

तंबोऱ्याची खुंटी उन्हाळ्यात आकसून घसरते. तेव्हा खडूची पूड लावा आणि खुंटी आत दाबत फिरवा. पावसाळ्यात ती फुगून अडकते, तेव्हा पक्कड लावू नका. तंबोरा कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवला की सुटते. वाजवायचा नसेल तेव्हा तारा सूरभर उतरवून ठेवा, नाहीतर तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) हळूहळू घोडीखाली (तारा जिच्यावर टेकतात ती) दबते आणि मग जवारी (तारेचा झणकार) कितीही काढली तरी बोलत नाही. जवारीचा दोरा मात्र स्वतः सरकवायला शिका, त्याला कारीगर लागत नाही. भोपळा जमिनीवर ठेवताना खाली गादी हवीच. फुटलेला भोपळा सांधता येतो, पण सांधा ऐकू येतो.

तेल लावायची हौस असेलच तर ती बासरीवर भागवा. कोरड्या हवेत बांबू चिरतो, म्हणून होळीच्या सुमारास एकदा आणि मेच्या सुरुवातीला एकदा, काठीला फडकं गुंडाळून आतून जवसाच्या किंवा मोहरीच्या तेलाचा पातळ हात द्या. रात्रभर आडवी ठेवा, सकाळी जास्तीचं पुसून घ्या. बूच ओलं होऊ देऊ नका.

खंजिरीशिवाय विदर्भात भजन नाही, तुकडोजी महाराजांनी ती घरोघरी नेली. पण घोरपडीच्या कातड्याची खंजिरी कोणी "जुनी, अस्सल" म्हणून विकत असेल तर घेऊ नका. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. बकरीच्या कातड्याची घ्या, आणि सूर उतरवायला आतून पाण्याचं बोट फिरवा. भांडभर पाणी नको, चार बोटं भिजतील एवढं पुरे.

कपाट

बंद गाडीत वाद्य ठेवू नका. दुपारी उभ्या गाडीत सरस मऊ पडायला फार वेळ लागत नाही. गिटारचा ब्रिज उचलला जातो तो तिथेच.

कपाटात आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल यंत्र ठेवा, चार-पाचशे रुपयांत मिळतं. आकडा ४० ते ६० मध्ये राहिला तर चिंता नाही. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून परत वापरा. तीन वर्षं त्याच मेलेल्या पिशव्या ठेवण्यात अर्थ नाही. डांबराच्या गोळ्या पेटीच्या खोक्यात, कापडात बांधून, भात्याला चिकटणार नाहीत अशा. उंदराला भात्याचं कातडं आणि सरस दोन्ही आवडतं, आणि जी पेटी महिनोन्‌महिने उघडत नाही ती त्याला जास्त आवडते.

कारीगराकडे नेताना पोळ्यानंतर जाऊ नका, तेव्हा गणपतीची गर्दी असते आणि घाईत केलेलं काम दिवाळीपर्यंत टिकत नाही. आषाढाच्या आधी न्या. आणि "पेटी नीट वाजत नाही" एवढंच सांगून येऊ नका. कोणती पट्टी, कोणत्या सप्तकातली, सगळ्या लाइनवर की एकाच स्टॉपवर, हळू भात्यावर की जोरात, हे कागदावर लिहा आणि तो कागद त्या पट्टीखाली खोचून द्या.