खुराड्यासाठी स्वयंचलित पाणीव्यवस्था निवडताना

अंड्यावरची कोंबडी साधारण हवामानात दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते आणि कडक उन्हात हे प्रमाण दुपटीपर्यंत जाते. त्यामुळे वीस पक्ष्यांसाठी दिवसाला दहा लिटर पाणी धरून टाकी घ्यावी आणि एखादा दिवस भरायचे राहून गेले तरी चालेल एवढा साठा तीत ठेवावा. टाकी अपारदर्शक असावी, कारण उजेड शिरला की शेवाळ धरते.

खरा प्रश्न पाणी पाजण्याच्या साधनाचा आहे. बेल ड्रिंकर, म्हणजे खालच्या कडेत पाणी राहणारे घंटेच्या आकाराचे भांडे, सर्वांत सोपा असतो. कोंबड्यांना त्याची सवय लावावी लागत नाही. मात्र त्याच्या उघड्या कडेत तूस, खाद्य आणि विष्ठा पडत राहते, म्हणून तो रोज घासावा लागतो. त्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवल्यास घाण बरीच कमी होते. कप, म्हणजे नळीला जोडलेली छोटी वाटी, हा मधला मार्ग आहे, पण त्याच्याही तळाशी गाळ बसतोच.

माझा कौल निपलला, म्हणजे चोचीने पिन ढकलली की थेंब सोडणाऱ्या छोट्या झडपेला आहे. त्यात पाणी बंद नळीत राहते आणि जमिनीवर अंथरलेली तुसाची गादी कोरडी राहते. ओल्या गादीतून अमोनिया सुटतो आणि रक्ती हगवणीच्या जंतूंना पोषक ओल मिळते, हे लक्षात घेतले तर निपलसाठी केलेला खटाटोप वाया जात नाही. एका निपलमागे आठ ते दहा पक्षी धरावेत. पक्ष्याला पाय जमिनीवर टेकलेले ठेवून मान किंचित ताणावी लागेल, इतक्या उंचीवर नळी बांधावी आणि पिल्ले वाढतील तशी ती वर घ्यावी. पिल्लांसाठी घेताना मात्र पिन बाजूने ढकलली तरी थेंब येणारा निपल निवडावा. सुरुवातीला पिनेला बोट लावून थेंब काढून दाखवला, की त्या चकाकणाऱ्या थेंबावर एखादी धीट कोंबडी चोच मारते आणि बाकीच्या तिचे पाहून शिकतात.

निपलला कमी दाब लागतो. नळाची जोडणी थेट दिल्यास तो ठिबकू लागतो, म्हणून मध्ये दाबनियंत्रक किंवा तरंगत्या व्हॉल्व्हची छोटी टाकी हवीच. टाकी आणि नळी यांच्यामध्ये गाळणी बसवावी, कारण वाळूचा एक कणही निपल उघडा ठेवण्यास पुरेसा होतो. नळीच्या शेवटच्या टोकाला तोटी असावी. तिच्यातून साचलेले पाणी सोडून नळी धुता येते आणि पाण्यातून जीवनसत्त्वे दिल्यानंतर तर हे करावेच लागते, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो. उन्हात तापलेल्या नळीतले पाणी कोंबड्या टाळतात, तेव्हा नळी सावलीतूनच न्यावी.

गळती डोळ्यांना लवकर दिसत नाही. निपलखालची गादी मुठीत घट्ट दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा फुटला नाही, तर तो निपल बदलावा. चोंदलेला निपल त्याहूनही धोक्याचा असतो, कारण त्याच्याखाली काहीच दिसत नाही. यासाठी रोज सकाळी टाकीपासून सर्वांत दूरच्या निपलची पिन बोटाने दाबून थेंब येतो का, ते पाहावे.