आउटपुट चुकतंय? आधी फीडबॅक पिन मोजा

डिप्लोमा करून बेळगावच्या उद्यमबागेत दुरुस्तीच्या कामाला लागलो, तेव्हा पहिलंच कार्ड मी तीन दिवस धरून बसलो होतो. एका यंत्राच्या पॅनेलमधलं कार्ड. २४ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा, एलएम २५९६ या आयसीवर चालणारा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट. यायला हवे होते ५, येत होते ६.०३. आयसी बदलला, पुन्हा ६.०३. दुसरा लावला, तिसरा लावला. आकडा जागचा हलेना. मी चौथा आणायला निघालो.

शेजारच्या टेबलावरचे मामा म्हणाले, "तीन आयसी मिळून एकच चूक कशी करतील? फीडबॅकला मीटर लाव की."

लावला. १.२३ व्होल्ट.

त्या एका आकड्यात सगळं होतं, पण मला ते वाचता येत नव्हतं. या आयसीच्या ॲडजस्टेबल प्रकारात १.२३ व्होल्टचा रेफरन्स, म्हणजे तुलनेसाठीचं ठरलेलं व्होल्टेज, आतच असतो. आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये दोन रेझिस्टर असतात, आउटपुटकडचा वरचा आणि ग्राउंडकडचा खालचा; त्यांच्या मधल्या सांध्यावरून चौथ्या, म्हणजे फीडबॅक पिनला व्होल्टेज जातं. आयसीला आउटपुट दिसतच नाही, त्याला फक्त हा सांधा कळतो. तिथे १.२३ आणून ठेवणं एवढंच त्याचं काम. तेव्हा तिथे १.२३ आहे आणि आउटपुट तरी चुकलंय, तर आयसी चोख आहे. त्या दोन रेझिस्टरांकडे बघा.

हिशेब सोपा आहे. वरच्या रेझिस्टरला खालच्याने भागायचं, त्यात १ मिळवायचा आणि १.२३ ने गुणायचं. वर ३ किलोओहम, खाली १ किलोओहम असले तर ४.९२ येतात. आमच्या कार्डावर आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी वर ३.९ लावला होता. करून बघा, ६.०३ च येतात. रेझिस्टर मोजताना सप्लाय बंद करा आणि त्याचा एक पाय सोडवा, नाहीतर सर्किटमधल्या बाकीच्या वाटा आकडा बिघडवतात. आयसीवर ५.० असं छापलेलं असेल तर हे दोन्ही रेझिस्टर आयसीच्या पोटात असतात आणि चौथ्या पिनवर थेट आउटपुट येतं, तिथे १.२३ शोधत बसू नका.

आउटपुट जवळजवळ इनपुटइतकं चढलं आणि फीडबॅकवर शून्य असलं, तर वरचा रेझिस्टर आतून तुटून ओपन झालाय किंवा त्याचं सोल्डरिंग तुटलंय. अशी शंका आली की लोड आधी काढा, नाहीतर पुढचं सगळं जळून जाईल. उलट आउटपुट नेमकं १.२३ वर येऊन थांबलं तर खालचा रेझिस्टर तपासा. फीडबॅकही कमी आणि आउटपुटही कमी असेल, तर आयसी ढकलतोय पण पोचत नाही: लोड जोडल्यावर इनपुट व्होल्टेज खाली बसतंय का, कॉइल तापतेय का, डायोड शॉट्कीच (झटकन बंद होणारा) आहे का, हे बघा. १एन५८२२ या शॉट्की डायोडच्या जागी हाताशी होता म्हणून साधा १एन४००७ लावलेली कार्डं मी पाहिली आहेत. तो डायोड या आयसीच्या १५० किलोहर्ट्झच्या चालू-बंद वेगाला वेळेवर बंदच होत नाही, नुसता तापतो.

पावसाळ्यात खानापूरकडून येणाऱ्या कार्डांचं दुखणं वेगळं. तिथला पाऊस तुम्हाला माहीत आहेच. शेकडो किलोओहमचे रेझिस्टर असले तर ओल आणि सोल्डरिंगचा उरलेला जुना फ्लक्स यांतून होणारी गळतीसुद्धा आउटपुट सरकवते. अशा कार्डाचं काही बदलण्याआधी ते आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुवून नीट वाळवा.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगेन. हे सगळं २४ व्होल्टवर शिका. थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये) मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहू शकतं. कॅपॅसिटर रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री केल्याशिवाय हात घालू नका. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये बल्ब ठेवा.

आणि मीटर कुठे लावलाय तेही बघा. पुढे एकदा निपाणीहून तक्रार आली, सेन्सरला ४.४ व्होल्टच मिळतात. कार्डाच्या टर्मिनलवर मोजले तर पूर्ण ५. करंट २ अँपिअर, आणि जाण्यायेण्याच्या बारीक वायरीचा रोध ०.३ ओहम, ०.६ व्होल्ट वाटेतच पडत होते. कन्व्हर्टरला हातही लावला नाही, जाड वायर ओढली.